थेंबबाईंची अर्ध्या तासाची धून

डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम त्या करत, म्हणून सगळे त्यांना थेंबबाई म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण ते इतकं चपखल बसलं की घरी मुलगासुद्धा मित्रांना फोनवर सांगायचा, "थांब जरा, थेंबबाई बोलावतायत." त्या रागावत नसत. उलट एखाद्यानं खरं नाव घेऊन हाक मारली, तर बँकेतून कुणी आलंय की काय म्हणून दचकत.

काम दिसायला सोपं. डॉक्टरांना डोळ्याच्या आतलं बघायचं तर आधी बाहुली मोठी व्हावी लागते, आणि बाहुली काही हुकूम सोडल्यासारखी मोठी होत नाही. एकदा थेंब घालायचे, डोळे मिटवून बसवायचं, थोड्या वेळानं पुन्हा घालायचे, पुन्हा बसवायचं. असा अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात माणूस अगदी बिनकामाचा होऊन जातो. पेपर वाचता येत नाही, फोन बघता येत नाही, समोर कोण उभंय तेही धड कळत नाही. भलीभली माणसं त्या लांब बाकावर बसली की लहान मुलासारखी व्हायची. कुणी उगाच खोकायचं, कुणी पाय हलवायचं. एक गृहस्थ शेजारच्या अनोळखी बाईंना आपली बायको समजून कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस म्हणून चांगले दरडावत होते, आणि त्या बाईही इतक्या भांबावलेल्या की पर्समध्ये किल्ली शोधायला लागल्या.

मेंडोलिन दवाखान्यात आलं ते योगायोगानं. शेजारच्यांनी घर बदलताना ते थेंबबाईंना देऊन टाकलं होतं, आणि मुलगा लहान असताना दुपारच्या वेळी चाचपडत चाचपडत त्या स्वतःच ते वाजवायला शिकल्या होत्या. त्या दिवशी कामावरून सुटल्यावर तारा बदलायला न्यायचं म्हणून पिशवीत होतं. बाकावरचे एक म्हातारे "किती वेळ राहिला हो?" असं विचारून विचारून जीव खात होते. त्यांना गप्प करायला थेंबबाईंनी मेंडोलिन काढलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हळू आवाजात काहीबाही वाजवलं. म्हातारे गप्प झाले. सगळा बाकच गप्प झाला. इतकी शांतता कशी म्हणून डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून रोज आणा. फक्त थेंब घालण्याआधी हात धुवायचे."

मग वर्षानुवर्षं वाजवता वाजवता त्याची एक धून झाली. पहिले थेंब झोंबतात, म्हणून पहिल्या भागात बारीक, चपळ सूर. लक्ष त्यांच्यामागे पळावं आणि डोळ्यांत बोट घालायचं विसरावं, एवढाच हेतू. मग मेंडोलिन खाली ठेवायचं, उठायचं, हात धुवायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेकाला "वर बघा. हं. मिटा," असं म्हणत थेंब घालायचे. मग दुसरा भाग, जरा संथ. पुन्हा थेंब. तिसरा भाग अगदी निवांत, कारण तोवर माणसं सैलावलेली असत. ही धून त्यांना कुणी शिकवली नव्हती. बाकावरच्या माणसांकडे बघून ती आपोआप तशी झाली होती, आणि अर्ध्या तासाहून लहानही होत नव्हती, मोठीही होत नव्हती.

पुढे डॉक्टरीणबाई थकल्या आणि त्यांच्या मुलीनं दवाखाना हातात घेतला. मुलगी हुशार, वागायला गोड. तिनं बाक काढून गुबगुबीत खुर्च्या मांडल्या आणि समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्या टीव्हीत दिवसभर रंगीत मासे पोहत. थेंब घातलेल्या माणसांना ते मासे दिसायचे नाहीत, नुसतं निळं काहीतरी हलतंय असं वाटायचं, पण हे बोलून कशाला दाखवा? थेंबबाईंचं निवृत्तीचं वय झालंच होतं. त्यांना फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, सगळ्यांनी प्रेमानं निरोप दिला, आणि थेंबबाई मेंडोलिन घेऊन घरी आल्या.

घरी वाजवायला वेळच वेळ होता. पहिल्या आठवड्यात त्या गॅलरीत बसल्या, थोडं वाजवलं आणि थांबल्या.

"आई, थांबलात का? वाजवा ना," सून आतून म्हणाली.

"वाजवू कुणासाठी? समोर कुणी बसलेलं नाही."

सून गुणाची. लगेच येऊन समोर बसली, डोळेही मिटले. पण पहिला भाग संपायच्या आत तिच्या ऑफिसचा फोन आला. त्यानंतर मेंडोलिन कपाटावर चढलं. थेंबबाई कुरकुर करणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण त्यांना एकच गोष्ट आतून खात होती. आयुष्यभर घडवलेली ही एकच चीज आपल्याकडे आहे, आणि ती आता कुणी ऐकणार नाही.

हे पहिल्यांदा विचारून काढलं ते विहीणबाईंनी. सुनेच्या आई जवळच, चार गल्ल्या पलीकडे राहत. सून दोघींनाही "आई" म्हणे, त्यामुळे त्या आलेल्या असल्या की एका हाकेला दोघी ओ देत. विहीणबाईंनी उभा जन्म वह्या-पेनांच्या दुकानात काढला होता. दुकान विकलं तरी दुकानदारीची हौस भागली नव्हती. त्या लोकरीचे छोटे छोटे मोजे विणत आणि ऑनलाइन विकत. बोलणं फटाफट, चालणं झपाझप, एका जागी बसणं माहीत नाही. आणि सगळ्यात मोठा अभिमान डोळ्यांचा. "या वयात चष्मा नाही मला," असं त्या ओळख झाल्या झाल्या सांगत. फोनवरची अक्षरं त्यांनी इतकी मोठी करून ठेवली होती की एका वेळी दोनच शब्द मावत, पण ते म्हणे फोनच स्वस्तातला होता म्हणून.

"ते वर कपाटावर काय ठेवलंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"आहे जुनं काहीतरी."

"जुनं काहीतरी कसलं? माझी मुलगी म्हणाली, तुम्ही वाजवणं सोडलंत. का?"

थेंबबाईंनी सांगितलं. विहीणबाईंनी सुया खाली ठेवल्या. "म्हणजे माल तयार आहे आणि गिऱ्हाईक नाही. एवढंच ना? अहो, मग हे माझं खातं झालं. काढा खाली ते."

तेव्हापासून रोज दुपारी दोघी विहिणी जेवणाच्या टेबलाशी बसायला लागल्या. सुनेचा लॅपटॉप उघडायचा, थेंबबाईंनी वाचून दाखवायचं आणि विहीणबाईंनी निकाल द्यायचा. स्वतःचं संगीत स्वतः विकणाऱ्या माणसाला आजकाल किती दारं उघडी आहेत ते बघून थेंबबाई चक्रावल्याच. प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं, या, इथे तुमचं स्वागत आहे. विहीणबाईंना त्याचं काही कौतुक नव्हतं. "स्वागत सगळेच करतात. भाडं कोण किती घेतं आणि फळी कुठली देतं ते बघा."

पहिल्यांदा व्हिडिओंच्या त्या प्रचंड साईटवर गेल्या. फुकट, आणि गर्दी तर विचारू नका.

"इथे चित्र लागतं," थेंबबाई वाचत म्हणाल्या.

"मग लावू की. तुमचा फोटो लावू. जांभळी साडी नेसून या."

"अहो, ऐकणाऱ्यानं डोळे मिटलेले असणार. जांभळी साडी कुणाला दाखवता?"

तरी नमुना म्हणून कुणाची तरी तासाभराची बासरी लावून बघितली. थेंबबाई डोळे मिटून ऐकायला लागल्या. छान चाललं होतं, आणि अचानक एक पुरुष कानाशी येऊन ओरडला की आमच्या औषधानं तुमची फरशी आरशासारखी चमकेल. थेंबबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "बाई गं! डोळ्यांत थेंब असताना असं झालं तर माणूस पडेल खाली!" विहीणबाई हसून हसून लाल झाल्या, पण ती साईट बाद झाली.

मग गाण्यांची मोठी अॅप आली. तिथे थेट जाता येत नव्हतं, मधे एक दलाल कंपनी होती. दरवर्षी तिला काहीतरी द्यायचं, ती आपलं संगीत सगळ्या अॅपवर पोचवणार. विहीणबाईंना दलाल नवे नव्हते. पण पुढचं वाचल्यावर त्याही थबकल्या. कुणी अर्धं मिनिट ऐकलं तरी एकदा वाजलं असं धरतात आणि पूर्ण ऐकलं तरी एकदाच. मिळायचं ते तेवढंच.

"मग अर्ध्या तासाचं एक कशाला विकायचं?" विहीणबाईंचे डोळे चमकले. "बारीक बारीक तुकडे करू. तीच धून, वीस पुड्या!"

"विहीणबाई, ती धून आहे. बिस्किटं नाहीत."

"बिस्किटं सुटी विकली की जास्त खपतात, सांगून ठेवते."

आणखी एक पद्धत होती. ऐकणाऱ्यांनी दरमहा वर्गणी भरायची आणि वाजवणाऱ्यानं दरमहा त्यांना नवीन काहीतरी द्यायचं. ते वाचून थेंबबाईंनी हात जोडले. "मी थेंब घातले हो आयुष्यभर. मासिक नाही काढलं."

शेवटी एक छोटीशी साईट सापडली. तिथे प्रत्येकाला स्वतःचं एक पान मिळत होतं. किंमत आपण ठेवायची, किंवा घेणाऱ्यावर सोडायची. साईट आपला वाटा कापून बाकीचं देणार. ज्यानं विकत घेतलं त्याच्या फोनमध्ये ते उतरणार आणि त्याचंच होऊन राहणार, आणि वाटलं तर तो दोन ओळी लिहूनही पाठवू शकणार.

विहीणबाईंनी नाक मुरडलं. "हे म्हणजे गल्लीच्या टोकाचं दुकान. रस्त्यावरून कुणी आपणहून आत यायचं नाही. पाटी आपणच लावायची आणि गिऱ्हाईकही आपणच हाताला धरून आणायचं."

"एकदा घेतलं की त्याचं झालं? मधे कुणी ओरडणार नाही?"

"नाही."

"आणि संपल्यावर? त्या गाण्यांच्या अॅपवर मी सनई लावून बघितली, ती संपली आणि लगेच कुणीतरी ड्रम बडवायला लागलं."

"इथे संपलं की संपलं. गप्प."

"मग हेच," थेंबबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका ठाम विहीणबाईंनी मुलांच्या लग्नाच्या बोलण्यांतही ऐकला नव्हता. तरी त्यांनी आपला हट्ट थोडासा राखलाच. छोट्या दुकानात माल ठेवायचा, पण मोठ्या अॅपवरही एक नग मांडायचा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला आपण आहोत हे कळेल. थेंबबाईंनी मान डोलावली. व्यवहारात विहिणीचं ऐकावं एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

रेकॉर्डिंग आतल्या छोट्या खोलीत केलं. भिंतींना गाद्या टेकवल्या, फोन उशांच्या ढिगावर ठेवला, सुनेनं पंखा बंद केला आणि दार ओढून घेतलं. थेंबबाईंनी मेंडोलिन मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मला समोर माणूस लागतं."

माणूस म्हणजे विहीणबाईच. त्यांच्या हातातून लोकर काढून घेतली, खिडकीशी खुर्ची दिली आणि बजावलं, डोळे मिटायचे आणि तोंडही. विहीणबाई बसल्या. पहिल्यांदा त्यांचा पाय हलत होता. मग हळूहळू तोही थांबला.

पहिला भाग संपला. थेंबबाईंनी सवयीनं मेंडोलिन खाली ठेवलं, सवयीनं उठल्या, खुर्चीपाशी गेल्या, आणि हातात बाटली नाही, काही नाही, तरी अंगठ्यानं विहीणबाईंची पापणी अलगद वर केली. "वर बघा."

विहीणबाईंनी वर बघितलं. खिडकीचा उजेड नेमका उजव्या डोळ्यावर पडला, आणि बाहुली जिथे काळी कुळकुळीत असायला हवी तिथे दुधावर धरते तशी साय दिसली. थेंबबाई तशाच उभ्या राहिल्या. असे डोळे त्यांनी जन्मभर पाहिले होते. मोतीबिंदू होता, आणि कालपरवाचा नव्हता. दोन शब्दांत संपणारा तो फोन, "तुम्हीच वाचा ना" म्हणून पुढे सरकवलेला लॅपटॉप, बोटांनी चाचपून मोजलेले टाके, सगळं त्यांना एकदम उमगलं. बराच वेळ गेला तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "हं. मिटा." मग जागेवर जाऊन त्यांनी राहिलेली धून वाजवली. या खेपेला मात्र त्या उठल्या नाहीत, थेट शेवटपर्यंत वाजवत राहिल्या.

ज्या बाईचा सगळा तोरा डोळ्यांवर उभा, तिला हे सांगायचं कसं? म्हटलं, बघू, वेळ बघून सांगू.

धून छोट्या दुकानात लागली. पहिलं गिऱ्हाईक अर्थात विहीणबाई. बोहनी आपल्या हातची हवी म्हणून त्यांनी मुलीला बाजूला बसवलं, स्वतः बटण दाबलं आणि धून फोनमध्ये उतरवून घेतली. मग सुनेच्या ऑफिसातल्या एकीनं घेतली, मग कुणा अनोळखी माणसानं घेतली. तो अनोळखी माणूस म्हणजे मुलगाच होता आणि हे थेंबबाईंनी ओळखलं होतं, पण तसं दाखवलं नाही. मोठ्या अॅपवर मात्र खरोखरचे अनोळखी लोक यायला लागले. थोडे होते, पण होते.

त्या अॅपची एक सोय होती. लोक ऐकता ऐकता कुठे सोडून जातात ते ती आलेख काढून दाखवायची. सुनेनं एका दुपारी तो उघडला आणि तिचा चेहरा पडला.

"काय झालं? वाच," विहीणबाई म्हणाल्या.

"सगळे एकाच जागी सोडून जातायत. पहिला भाग संपला की मोठी शांतता आहे ना, तिथे. आणि छोट्या दुकानात ऑफिसातलीनं लिहिलंय, मधे फाईल बिघडलीय का, एक बाई काहीतरी बोलते आणि मग आवाजच येत नाही."

तोवर थेंबबाईंना पत्ताच नव्हता की आपला आवाजही त्यात आलाय. त्यांनी तो तुकडा लावून ऐकला आणि त्या कानकोंड्या झाल्या.

"कापून टाका," विहीणबाईंनी निकाल दिला.

"नको. तिथे थेंब असतात."

"अहो, कुठले थेंब? घरात बसून ऐकणाऱ्याला कोण थेंब घालतंय?"

"बाकावर कधी कुणी त्या वेळी उठून गेलं नाही."

"बाकावर त्यांना दिसत नव्हतं!" विहीणबाई हसत म्हणाल्या. "जातील कुठे?"

चेष्टेतच म्हणाल्या त्या. पण थेंबबाईंच्या ते वर्मी लागलं. खरंच की. इतकी वर्षं आपण ज्याला ऐकणं समजत होतो ते नुसतं अडकून बसणं होतं? डोळे उघडे असलेला माणूस आला आणि पहिल्या संधीला निघून गेला. त्या रडायच्या बेताला आल्या, आणि रडू दाबायला गेल्या तर तोंडातून भलतंच निघालं.

"तुम्हाला तरी कुठे दिसतंय!"

सून बघतच राहिली.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय तुमच्या. मी बघितलाय. म्हणूनच तिथे एवढा वेळ लागला. नाहीतर एका माणसाला एवढा वेळ लागत नाही मला."

विहीणबाई उठल्या. लोकर गोळा केली, सुया पिशवीत घातल्या आणि निघाल्या. दाराची कडी त्यांना पहिल्या खेपेत सापडली नाही. सून उठायला लागली तसं त्यांनी हातानंच तिला थांबवलं आणि कडी स्वतः शोधून काढली.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. दुपारी टेबलाशी एकच खुर्ची ओढली जाऊ लागली. थेंबबाईंना स्वतःचा असा राग आला की विचारू नका. डोळ्याचं वाईट सांगताना माणसाचा हात हातात घ्यायचा असतो, हे दवाखान्यात नव्या पोरींना शिकवणाऱ्या आपण, आणि घरच्या माणसाच्या अंगावर ते दगडासारखं फेकलं. त्यांनी सुनेला सांगितलं, "ती मधली शांतता काप. दोन्हीकडची काप. माझा आवाजही काढून टाक."

"आई, नक्की?"

"काप म्हटलं ना."

सुनेनं कापली. दोन्ही ठिकाणी नवी फाईल चढवली. आलेखातला एकदम खाली कोसळणारा कडा नाहीसा झाला, लोक थोडे जास्त वेळ थांबायला लागले. थेंबबाईंनी ते एकदा बघितलं आणि परत कधी विचारलं नाही. मेंडोलिन पुन्हा कपाटावर गेलं.

मग एका सकाळी फोन वाजला.

"कधी जायचं?" पलीकडून विहीणबाई. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुमच्या त्या दवाखान्यात. मी एकटी जाणार नाही, आणि मुलीबरोबर तर नाहीच नाही. ती रडेल आणि मला लाजवेल."

"विहीणबाई, मी त्या दिवशी..."

"ते राहू दे. गेलं वर्षभर मी मोजे उजेडाकडे धरून विणतेय, मला काय कळत नव्हतं? भीती वाटत होती. कधी येताय न्यायला ते सांगा."

दवाखान्यात खुर्च्यांची ओळ भरलेली होती. नवी नर्स चुणचुणीत होती, तिनं एका दमात सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि ती आत गेली. भिंतीवर मासे पोहत होते. ओळीतलं कुणी खोकत होतं, कुणी पाय हलवत होतं. "किती वेळ लागतो हो?" असं एक बाई हवेला विचारत होत्या. विहीणबाईंनी थेंबबाईंचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

"झोंबतंय," त्या पुटपुटल्या.

"झोंबतं. थांबेल आत्ता."

विहीणबाईंनी पर्स चाचपून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग वैतागून म्हणाल्या, "अहो, इतक्या साईटी पालथ्या घातल्या आपण. भाडं बघितलं, फळी बघितली, आणि एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. थेंब घातलेल्या माणसाला बटण दिसणार कसं?"

थेंबबाईंना हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं. "आणा इकडे. काय लावू?"

"काय म्हणजे? माझं लावा. मी विकत घेतलंय ते."

थेंबबाईंनी स्वागतकक्षातल्या मुलीला खूण केली. तिनं माशांच्या टीव्हीचा आवाज बंद केला. धून सुरू झाली, बारीक, चपळ, आणि विहीणबाईंची पकड जराशी सैल झाली. पलीकडच्या खुर्चीतला खोकला थांबला. "किती वेळ" विचारणाऱ्या बाईंनी पाय गोळा करून घेतले आणि मान मागे टेकली. थेंबबाई फोन मांडीवर धरून बसल्या होत्या. पहिला भाग संपत आला तसा त्यांना खाली बघावंसं वाटेना, कारण आता लगेच, श्वास घ्यायलाही जागा न ठेवता, दुसरा भाग येऊन आदळणार होता. तसाच तर कापला होता.

तो आला नाही. शांतता पसरली.

"हे कापलं होतं ना?" त्या कुजबुजल्या.

"तुम्ही दुकानातलं कापलंत," विहीणबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मी घरी नेलेलं कोण कापणार? रोज ऐकते मी हे."

थेंबबाई काही बोलणार एवढ्यात फोनमधून त्यांचाच आवाज आला. "वर बघा."

आणि ती सगळीच्या सगळी ओळ, खोकणारे, पाय हलवणारे, कोपऱ्यातले टाय लावलेले साहेब, किती वेळ विचारणाऱ्या बाई, सगळ्यांनी एकदम हनुवट्या वर केल्या आणि डोळे उघडून छताकडे बघितलं. कुणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. नर्स दुसऱ्या खेपेची बाटली घेऊन नुकतीच बाहेर आली होती. ती दारातच थबकली. मग तिनं वेळ न घालवता एका टोकापासून थेंब घालायला सुरुवात केली. एक झाला, दुसरा झाला, तिसरी झाली. त्या दिवशी एका डोळ्यासमोर हबकून उभं राहिल्यामुळे लांबलेली ती शांतता पूर्ण ओळीला बरोबर पुरली. नर्स शेवटच्या खुर्चीवरून सरळ झाली तेव्हा फोन म्हणाला, "हं. मिटा." सगळ्यांनी मिटले. दुसरा भाग सुरू झाला.

थेंबबाईंना समोरचं नीट दिसेना. त्यांच्या डोळ्यांत तर कुणी काही घातलं नव्हतं.

दुसरा भाग संपून तिसरा लागला होता तेव्हा आतलं दार उघडलं. नर्सनं विहीणबाईंचा नंबर पुकारला आणि पुढे येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. "चला आजी. डॉक्टर मोकळ्या झाल्यात. हात धरते मी."

ज्या बाईला आयुष्यात कधी एका जागी बसणं जमलं नाही, त्या विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "अजून संपलेलं नाही."